विराटाच्या घरचा स्वयंपाकी

भीमानं अज्ञातवासात स्वयंपाकीच का व्हावं, यावर आमच्या घरात दोन मतं होती. आबाजी म्हणायचे, खाणारा गडी, तो आणखी कुठे जाणार? मोठी माय भाताची पेज निथळता निथळता म्हणायची, "चुलीपाशी कोन बसून हाय, हे कोनी पायते काय?" आबाजींच्या उत्तरावर सगळी सपरी हसायची. मोठ्या मायचं उत्तर कोणी ऐकायचंच नाही. म्हणजे तिचं म्हणणं तिथल्या तिथे खरं ठरायचं.

घर मोहाडी तालुक्यातलं. पुढे सपरी, मागे सांदवाडी, पलीकडे धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपल्या की गावचा मालगुजारी तलाव. मोठे बाबा, बाबा नि काकाजी अशा तिघांची मिळून आम्ही भावंडं, शिवाय दिवाळीत नि उन्हाळ्यात आत्याची. आत्याचं सासर आमगावकडचं. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा 'आता तू परजिल्ह्यातली' म्हणून आम्ही तिला इतकं पिडलं की आणलेली लोणच्याची बरणी परत नेण्याची तिनं धमकी दिली.

आमच्यात वयाचं अंतर बरंच होतं. थोरला नागपूरहून इंद्रजाल कॉमिक्स आणायचा तेव्हा धाकटी पाळण्यात होती. ती चौथी-पाचवीत गेली तोवर घरात शक्तिमान आला होता. मधल्यांच्या वाट्याला रविवार सकाळचं महाभारत आलं. पण पोथीतला असो, कॉमिक्समधला असो की पडद्यावरचा, आम्हा सगळ्यांना भुरळ घालणारा नायक एकाच वळणाचा होता. अंगात बळ आहे, हातात कसब आहे, आणि ते दाखवायचं नाही. दाखवलं की घात. समोरचा टिंगल करतो आहे, ढकलतो आहे, आणि हा आपला चष्मा सावरत उभा. त्या क्षणाला आमच्या अंगावर जो काटा यायचा, तो नंतरच्या मारामारीला येत नसे. मारामारी सुरू झाली की निम्मी पोरं पाणी प्यायला उठायची.

पहिला मान पोथीचा. श्रीधरस्वामी नाझरेकरांचा पांडवप्रताप, 1712 सालचा, 64 अध्यायांचा. चातुर्मासात दिवेलागणीनंतर आबाजी वाचायचे नि आजी अर्थ सांगायची. आजीला अक्षरओळख नव्हती, पण आबाजींनी एखादी ओवी गाळली की ती सुपारी कातरता कातरता थांबायची, आणि आबाजी निमूट मागे जायचे. कर्नाटकात पाऊस लांबला की विराटपर्व वाचण्याची जुनी श्रद्धा आहे. आमच्याकडे असं कोणी बोलून दाखवत नसे. पण पऱ्हे पिवळे पडायला लागले नि रोवणी अडली, की आबाजी मधली पानं सोडून थेट विराटाच्या दरबारात जायचे. आम्हाला ते फार बरं वाटे. वनवासाची 12 वर्षं आम्हाला कंटाळवाणी वाटायची. खरी मजा तेराव्या वर्षात.

ती सोंगं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. युधिष्ठिर झाला कंक, राजाबरोबर फासे टाकणारा. भीम बल्लव. अर्जुन बृहन्नडा, राजकन्येला नाचगाणं शिकवणारा. नकुल ग्रंथिक, घोडे बघणारा. सहदेव तंतिपाल, गाई राखणारा. द्रौपदी सैरंध्री, राणी सुदेष्णेची वेणीफणी करणारी. याखेरीज आपसांत हाक मारायला पाची भावांनी आणखी एक नाव घेतलं होतं: जय, जयंत, विजय, जयत्सेन, जयद्बल. या दुसऱ्या नावांवर आमचा भारी जीव. शस्त्रं शमीच्या झाडावर चढवून वर एक प्रेत बांधलं, म्हणजे वासानं कोणी जवळ फिरकू नये, हा भाग आजी झोपायच्या वेळी मुद्दाम सांगायची.

त्यातूनच आम्ही 'अज्ञातवास' नावाचा खेळ काढला. एकजण दुर्योधन. बाकीच्यांनी घरातल्या कामात अशा रीतीनं मिसळून जायचं की कोण खेळात आहे नि कोण खरोखरच कामाला लागलंय, हे दुर्योधनाला कळू नये. चुरण्याच्या दिवसांत खळ्यावर दहा-पंधरा माणसं असायची. त्यांच्यात तोंडाला दुपट्टा बांधून पेंढ्या उचलायच्या, कोठ्यात शेण काढायचं, लाखोरीच्या डाळीतले खडे वेचायचे. ओळखला गेलास की पुन्हा 12 वर्षं, म्हणजे पुढचा डावही कामातच. आजीनं हा खेळ कधी बंद पाडला नाही, याचं कारण उघड आहे.

विराटपर्वात एक जागा अशी आहे की सगळं कीर्तन कीचकाकडे धावत असल्यामुळे लोक तिथे थांबत नाहीत. अज्ञातवासाचा चौथा महिना. मत्स्यदेशात मोठा उत्सव, देशोदेशीचे मल्ल आलेले. त्यांत जीमूत नावाचा एक, त्याच्यासमोर कोणी उभं राहीना. राजाला आठवतो आपला धिप्पाड आचारी. बल्लवाला हुकूम होतो. आता भीमाची पंचाईत बघा. लढलो तर अंगचं बळ उघडं पडणार, न लढावं तर राजाज्ञा मोडली. तो मनाविरुद्ध आखाड्यात उतरतो, आणि एकदा उतरल्यावर त्याला हातचं राखता येत नाही, जीमूत मरतो. विराट खूश. इतका खूश की पुढे अंतःपुरातल्या बायकांच्या करमणुकीसाठी तो बल्लवाला वाघ-सिंहांशी झुंजवायला लागतो. ती झुंज बघताना सैरंध्रीचा चेहरा उतरतो, आणि सुदेष्णा दासींना म्हणते, हिचा नि या आचाऱ्याचा काहीतरी धागा दिसतो. ही कुजबुज द्रौपदीला ऐकून घ्यावी लागते. व्यासांच्या ग्रंथात ती हे दुःख पुढे एका रात्री भीमाला स्वयंपाकघरात उठवून सांगते.

हे मी पुष्कळ नंतर वाचलं. पण मला ते नवं वाटलं नाही, कारण दंडारीत बघितलेलं होतं.

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन. रंगवलेल्या शिंगांच्या गाई, गोवाऱ्यांचा नाच. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू. दिवसा मंडईत जिलेबी, फुगे, बांगड्या. रात्री दंडार नाहीतर खडी गंमत. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत आता वडशाच्या कंपन्यांची मोठमोठी नाटकं चालतात, तिकिटं लागतात, नागपूर-मुंबईहून नट येतात. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला झाडीपट्टीचं नाव नव्यानं कळलं. मी सांगते ती गावातल्या गावात बसवलेली दंडार, बिनातिकिटाची. नट गावचेच, सगळे पुरुष. पेटी एक, तबला एक, गॅसबत्त्या दोन, आणि पडद्याआडून संवाद सांगणारा एक, ज्याचा आवाज पहिल्या चार रांगांना नटाच्या आधी ऐकू यायचा. गायगोधन होऊन चारच दिवस झालेले. त्यामुळे कौरवांनी विराटाच्या गाई वळवल्या म्हटलं की गोवाऱ्यांच्या पोरांना ते राजकारण वाटायचंच नाही. ती खवळून उभी राहायची.

आमचे काकाजी भीम व्हायचे. हा माणूस दिवसा तोंडातून शब्द काढत नसे. तलाठी आला तर मोठ्या भावाच्या मागे उभा राहायचा, बाजारात धानाला भाव कमी लावला तरी मुकाट पैसे घेऊन यायचा. मोठे बाबा त्याला चारचौघांत 'बैताड' म्हणायचे. आणि मंडईच्या रात्री तोच खांद्यावर तिफणीचं लाकूड गदेसारखं टाकून स्टेजवर आला की पुढच्या बायका पदर सावरून मागे सरायच्या. गोष्टीत भीम बल्लव होऊन लपला होता. आमच्या गावात भीम वर्षभर आमचा काकाजी होऊन लपलेला असायचा आणि एका रात्रीपुरता बाहेर यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा खळ्यावर, कानामागे रंग तसाच राहिलेला. आम्ही पोट्टे त्याच्याभोवती घिरट्या घालायचो, तो म्हणायचा, "काहून गा, कामं नाही का तुमाले?"

सोंगात सोंग अशी एक अडचण त्या स्टेजवर होती. सैरंध्री म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. बृहन्नडा म्हणजे पण लुगडं नेसलेला पुरुष. मग खरी बाई कोण नि बाईचं सोंग घेतलेला अर्जुन कोण, हे लोकांनी ओळखायचं कसं? आमच्या गावानं तोडगा काढला होता: बृहन्नडा येताना एकदा भसाड्या आवाजात खाकरायची. तेवढं पुरे. राजपुत्र उत्तराबरोबर लढाईला निघताना बृहन्नडेला चिलखत दिलं जातं, तेव्हा ती ते उलटंसुलटं चढवते आणि अंतःपुरातल्या पोरी खिदळतात. मूळ महाभारतात हे असंच आहे. जगातला पहिला धनुर्धर मुद्दाम चिलखत उलटं घालतो. आमचा बृहन्नडा होणारा गडी हे करताना चिलखताच्या जागी पोत्याचं बारदान वापरायचा आणि त्यात त्याचं डोकं खरंच अडकायचं.

मग यायचा दरबार. तिथे हसू थांबायचं.

कीचकाला झिडकारून पळालेली सैरंध्री राजसभेत येते, तो मागून येऊन तिला केसांना धरतो, लाथ मारतो. सभेत कंक बसलेला आहे. बल्लव उभा आहे. भीम दात खातो आणि बाहेरच्या एका झाडाकडे बघायला लागतो. ते उपटून कीचकाच्या टाळक्यात घालायचं, एवढंच त्याच्या मनात. युधिष्ठिर ते ओळखतो आणि शांतपणे म्हणतो, आचाऱ्या, सरपणासाठी झाड बघतोस काय? लाकडं बाहेर जाऊन तोड. सैरंध्रीला तो सांगतो, नटीसारखी रडत इथे उभी राहू नकोस, राजाच्या खेळात व्यत्यय येतो. व्यासांनी हे असंच लिहिलंय. आमच्या दंडारीत हा प्रसंग काकाजी एकही शब्द न बोलता करायचे. पाठीमागच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडाकडे वळून नुसते उभे. गॅसबत्तीची सूंऽऽ एवढाच आवाज. आणि मग बायकांच्या बाजूनं हमखास एखादी ओरडायची, "अजून पायतेच काय रे मेल्या!"

त्या बाईचं म्हणणं मला आजवर कोणत्याही समीक्षेपेक्षा नेमकं वाटतं. ओळख लपवणारा नायक संयमी म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण त्याच्या संयमाची लाथ खाते कोण? पाची भावांची ओळख झाकून राहावी म्हणून केस धरले गेले ते सैरंध्रीचे. गुपित त्यांचं, किंमत तिची. स्टेजवरची द्रौपदी पुरुष असूनही हे बायकांच्या रांगेला कळत होतं. नर्तनशाळेत अंधारात भीम चादर घेऊन पडतो, कीचक लाडीगोडी लावत येतो, तेव्हा पुरुष हसायचे. बायका मात्र "हान, हान" म्हणत गुडघ्यावर मुठी आपटायच्या.

शाळेत एका गुरुजींनी सांगितलं तेव्हा कळलं की हीच कथा एकदा इंग्रज सरकारला झोंबली होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 साली रंगभूमीवर आलं. खाडिलकर केसरीतले, टिळकांच्या जवळचे. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत भारतमाता, हात चोळत बसलेल्या युधिष्ठिरात मवाळ पुढारी आणि भीमात जहाल. नाटकात कर्झनचं नाव एकदाही नाही. पौराणिक लुगडं नेसून ते नाटकच अज्ञातवासात फिरत होतं म्हणा. सरकारला ओळख पटायला तीन वर्षं लागली. 1910 मध्ये बंदी आली आणि ती 1926 पर्यंत टिकली. दरम्यान कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट काढला, तर त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. काकाजींना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा आपणहून बोलले. म्हणाले, "मंग आमाले कोनी पकडत काहून नाही?"

थोरल्याचा नायक वेताळ. ली फॉकनं 1936 मध्ये काढलेला फॅन्टम. आपल्याकडे 1964 पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आला. शहरात जायचं झालं की तो लांब कोट, टोपी, काळा चष्मा घालून मिस्टर वॉकर व्हायचा, कुत्रा सोबत. नागपूरच्या उन्हात लांब कोट घालून हिंडणारा माणूस लपेल की उठून दिसेल, असा प्रश्न मधल्यानं विचारला नि मार खाल्ला. थोरल्यानंच आम्हाला झोरो सांगितला, 1919 सालचा, दिवसा आळशी जमीनदार नि रात्री तलवारबहाद्दर, त्याआधीचा स्कार्लेट पिंपर्नेल सांगितला, दिवसा छानछोकी करणारा इंग्रज सरदार, पुढे बॅटमन. या मंडळींबद्दल माझी एक तक्रार आहे. हे सगळे श्रीमंतीत लपतात. ऐषाराम करणारा माणूस लढू शकणार नाही, हा त्यांचा बुरखा. पांडव लपले ते कष्टात. हातात पळी, झाडू, घोड्याचा खरारा. कष्टकऱ्याच्या अंगात बळ असतं हे तर सगळ्यांना दिसतं; तरी त्यात कोणाला भीम दिसत नाही. आमच्या धानपट्ट्यातल्या पोरांना यातलं कोणतं सोंग जास्त पटलं असेल, हे सांगायला नको.

सुपरमॅनचा क्लार्क केंट त्यातल्या त्यात जवळचा. वर्तमानपत्रात नोकरी, चष्मा, धांदरटपणा. 1997 साली दूरदर्शनवर आलेल्या शक्तिमानचा गंगाधर त्याचाच चुलतभाऊ: 'आज की आवाज'मधला छायाचित्रकार, दात पुढे, केस तेल लावून चापलेले. धाकट्या पोरांनी त्याच्यापायी घर डोक्यावर घेतलं. रविवारी दुपारी बारा वाजता भारनियमन नसेल तर ठीक. असेल तर ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून तिच्यावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही लावायचा. त्यामुळे शक्तिमानचे कपडे लाल असतात हे धाकटीला उशिरा, आणि तेही वहीच्या कव्हरवरून कळलं. शेजारपाजारची पोरं सपरीत मावत नसत. शाळेत ज्याच्या केसांना तेल जास्त तो गंगाधर. गंमत म्हणजे या नावाची चीड कोणालाच आली नाही. उलट चेहरा भोळा करून तो पोरगा असा बघायचा की जणू त्याच्याकडे काहीतरी आहे. परीक्षेत नापास झालेल्या एकानं तर गुण मुद्दाम लपवल्याचं घरी सांगून पाहिलं.

शक्तिमानवर माझा राग नाही. पण खरं सांगायचं तर गंगाधरचं गुपित फार स्वस्त होतं. संकट आलं की तो कोपऱ्यात जाऊन गरागरा फिरणार, काम उरकून परत येऊन बावळट होणार, आणि शेवटी मुलांना शिस्तीचे चार शब्द सांगणार. कोणी त्याच्यासाठी लाथ खात नव्हतं. आमच्या अंगणातल्या खेळात मात्र मुलींना कायम रिपोर्टर गीता व्हावं लागे, म्हणजे बाजेला बांधून घेऊन वाट बघावी लागे. बांधलेल्या अवस्थेत मी एकदा एवढी विसरली गेले की पोरं तलावावर पोहायला गेली.

त्या खेळातच एका दुपारी ते घडलं. दोन भाऊ बैल हाकायच्या तुतारीच्या काठ्या घेऊन झुंजत होते, मोठी माय ओसरीवर उडदाच्या वड्या घालत होती. बघता बघता ती उठली. हात पुसले, पदर खोचला, आणि एकाच्या हातून काठी घेत म्हणाली, "काठी अशी नसते धरत. डावा हात खाली." मग ती काठी फिरायला लागली. डोक्यावरून, कमरेभोवती, पायाखालून. काठी दिसेनाशी झाली आणि नुसता घूंऽऽ आवाज राहिला. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. बैलांना पाणी दाखवून येणारे काकाजी, आमचा भीम, बादली हातात घेऊन तोंड उघडं टाकून उभे. अर्धा मिनिट असेल. मग तिनं काठी परत दिली, पदर डोक्यावर घेतला आणि वड्या घालायला बसली. बाजेवर बांधलेल्या मला सोडवायचं कोणाला सुचलं नाही. तिनंच बसल्या जागेवरून सांगितलं.

तिचं माहेर अमरावतीचं. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकानं जर्मनीत कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. लहानपणी सुट्टीतल्या वर्गात ती लाठी, लेझीम नि जंबिया शिकली. लग्न ठरताना तिच्या वडलांनीच सांगितलं, हे तिकडे बोलू नको, खेड्यातले लोक आहेत, दांडगी सून म्हणतील. नाही बोलली. वीस-पंचवीस वर्षं त्या घरात सहा चुली बदलल्या, गॅस आला, पण हे कोणाला माहीत नव्हतं. मोठ्या बाबांना तरी? या प्रश्नावर ती हसली फक्त. आम्हाला एकदम आठवलं की एका रात्री सांदवाडीत कोणीतरी शिरलं होतं, सकाळी कुंपणाचा बांबू मोडलेला नि एक चप्पल पडलेली सापडली होती, आणि चोर कुत्र्याला भिऊन पळाला असं सगळ्यांनी ठरवलं होतं. त्या साली घरात कुत्रा नव्हता.

एका उन्हाळ्यात ती आम्हाला माहेरी घेऊन गेली आणि तिथून चिखलदऱ्याला. अमरावतीकडची माणसं चिखलदऱ्याला कीचकाचा दरा म्हणतात. भीमानं कीचकाला मारून दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, असं सांगतात. जवळच वैराट. विराटाच्या राजधानीवर हक्क सांगणाऱ्या जागा पुष्कळ आहेत: राजस्थानात जयपूरजवळचं बैराट, आपल्याकडे वाई. इतिहासकार बैराटच्या बाजूनं बोलतात. आम्हाला त्याचं काही नव्हतं. काकाजी कुंडाच्या कठड्यावरून खाली वाकून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "लय खोल हाये. एकट्यानं नाही फेकला असन." आपल्याच भूमिकेबद्दल एवढी शंका घेणारा नट मी दुसरा बघितला नाही. मोठी माय म्हणाली, "बाईनं पाय धरले असतीन." व्यासांना हे ठाऊक नसावं.

पुढे आम्ही पांगलो. थोरला नागपुरात, मधला पुण्यात संगणकाच्या कामात, धाकटी रायपूरला, मी भंडाऱ्यात. आबाजी-आजी गेले. काकाजी आता स्टेजवर चढत नाहीत, पण मंडईला पुढच्या रांगेत बसून नव्या भीमाच्या चुका काढतात. 2020 च्या मार्च-एप्रिलात सगळं बंद पडलं तेव्हा दूरदर्शननं जुनं महाभारत पुन्हा लावलं आणि पाठोपाठ शक्तिमानही. दोन्हींकडे मुकेश खन्ना. इथे भीष्म, तिथे गंगाधर. पुण्याच्या भाचीला वाटलं की भीष्मांना विराटाच्या रणात बृहन्नडा ओळखू आली ती याचमुळे. सोंग घेणाऱ्याला सोंग कळणारच.

विराटपर्वाच्या दिवसांत घरचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. रणात अर्जुन उघड झाल्यावर दुर्योधन ओरडतो की तेरावं वर्ष संपायच्या आत हा ओळखला गेला, तेव्हा पुन्हा 12 वर्षं वनवास. भीष्म हिशोब सांगतात: दर पाच वर्षांनी दोन अधिक महिने, म्हणजे 13 वर्षांत पाच महिने आणि 12 रात्री जास्तीच्या झाल्या, मुदत केव्हाच संपली. मधल्यानं गणित मांडलं. पाच वर्षांत दोन, तर 13 वर्षांत 5.2 महिने. म्हणजे पाच महिने नि सहा दिवस. 12 रात्री कुठून आल्या? शिवाय आजच्या पंचांगाप्रमाणे 19 वर्षांत सात अधिक महिने येतात. त्या हिशोबानं तर पाच महिनेही पुरते भरत नाहीत. मोठी माय तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे. तिच्या भिंतीवर कालनिर्णय होतंच, आणि त्या वर्षी अधिक आश्विन येणार होता, त्यामुळे विषय तिच्या हातातला. जुनी कॅलेंडरं ती पेटीत ठेवते, पाठीमागे धोब्याचा हिशोब असतो म्हणून. तिनं 13 वर्षांची काढून सपरीवर मांडली, अधिक महिने बोटांवर मोजले आणि नातवाकडून ग्रुपवर लिहवून घेतलं: पाच भरले.

थोरल्याला हे मान्य नाही. तो म्हणतो, भीष्मांनी सहा दिवस पदरचे घातले, आणि अज्ञातवासाची अट जर अट असेल तर दुर्योधनाचं ऐकायला हवं होतं. मोठ्या मायनं त्याला सैरंध्रीचे दिवस कोणत्या पंचांगात धरलेस म्हणून विचारलं; त्यावर त्यानं नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. दर अधिकमासात हा वाद नव्यानं निघतो. 2023 च्या अधिक श्रावणात धाकटीनं भीष्मांच्या बाजूनं मत दिलं, काकाजींनी कोणाच्याच नाही. मधल्यानं एक तक्ता केलाय, तो कोणी उघडत नाही.